घास कुठे अडतोय, ते आधी बघा : डिमेन्शिया झालेल्या जोडीदाराचं जेवण

रात्रीचे साडेसात. मी ताट वाढून समोर ठेवलं आणि ही ताटाकडे नुसती बघत बसली. मी म्हटलं, "अगं, जेव ना." तिनं वाटी उचलली, परत जागेवर ठेवली आणि विचारलं, "तुम्ही जेवलात?" "मी नंतर जेवतो, आधी तू." "असं कसं?" म्हणून ती उठली आणि ओट्यापाशी जाऊन पातेल्यांची झाकणं काढू लागली.

तीन आठवडे रोज रात्री हेच. मी त्याला हट्ट समजलो, मग भूक मेली असं समजलो. एका रात्री दमून मीच माझं ताट वाढून तिच्या समोर बसलो आणि जेवायला लागलो, तेव्हा दोन मिनिटांत तिनं पहिला घास घेतला. चाळीस वर्षं ती माझ्या आधी जेवली नव्हती. बाकी बरंच विसरली होती, पण ही सवय विसरली नव्हती. मी मात्र तिला एकटीला ताटावर बसवत होतो.

जोडीदाराला डिमेन्शिया आहे आणि जेवणाची ओढाताण नुकतीच सुरू झाली आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. पहिली गोष्ट ही की 'जेवत नाही' हे एक दुखणं नाही. भूक लागणं, ती कळणं, समोरचं अन्न आहे हे ओळखणं, हात पुढे करणं, घास तोंडात नेणं, चावणं, गिळणं अशी ही साखळी आहे. आजारात तिची कुठलीही कडी तुटू शकते आणि प्रत्येक कडीचा उपाय वेगळा असतो. ज्याला अन्न ओळखता येत नाही त्याला आग्रह करून उपयोग नाही. ज्याला गिळता येत नाही त्याला आग्रह केला तर ते धोक्याचं आहे.

आधी तोंडात टॉर्च मारा

जेवण दोन-चार दिवसांत अचानक कमी झालं, तर दोष एकदम डिमेन्शियाला देऊ नका. हा आजार सहसा हळूहळू पुढे सरकतो. अचानक काही बिघडलं तर बहुतेक वेळा दुसरं काहीतरी दुखत असतं आणि ते सांगायला शब्द नसतात. टॉर्च घेऊन तोंड बघा. जीभ आलेली आहे का, पांढरा थर आहे का, हिरडी सुजली आहे का. कवळी असेल तर ती सैल झाली आहे का, कारण वजन उतरलं की हिरड्याही बदलतात आणि जुनी कवळी टोचू लागते. पोट किती दिवसांत साफ झालं नाही ते आठवा. लघवीचा संसर्ग वयस्कर माणसात ताप न येताही होतो. त्यात नुसती गुंगी येते, गोंधळ वाढतो आणि जेवण सुटतं.

मग औषधांची पिशवी काढा. डिमेन्शियासाठीच दिलेली डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन ही औषधं काहींना मळमळ आणतात, भूक मारतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननंही तसं होऊ शकतं. काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात पोळी फिरत राहते. स्वतः काही बंद करू नका. सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि "जेवण कमी झालंय, यातलं काही कारण असेल का?" असं सरळ विचारा. रिव्हास्टिग्मिनची त्वचेवर लावायची पट्टी मिळते, हे मला विचारल्यावरच कळलं.

इन्सुलिन चालू असेल तर आणखी एक प्रश्न आजच विचारून ठेवा : इंजेक्शन दिलं आणि जेवण अर्धंच झालं, तर काय करायचं? घाम, थरथर, अचानक सुस्ती ही साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. या माणसांना "मला कसंतरी होतंय" असं सांगताच येत नाही.

एक वही आणि एक वजनकाटा

शंभर पानी वही पुरे. कधी दिलं, काय दिलं, किती खाल्लं (पाव, अर्धं, सगळं), खोकला आला का, कुणी भरवलं. दोन आठवड्यांत काहीतरी दिसू लागतं. आमच्या वहीत दिसलं की सकाळी आठ ते दुपारी एक या वेळात ही बऱ्यापैकी खाते आणि अंधार पडायला लागला की अस्वस्थ होते, दाराशी जाते, "घरी जायचंय" म्हणते. मग मी मुख्य जेवण दुपारी आणलं. रात्री मऊ भात नाहीतर खीर. रात्रीच्या ताटावरचं भांडण तिथेच संपलं.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के उतरलं, तर डॉक्टरांना दाखवायचं. साठ किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो, असा हिशोब. रोज वजन करू नका, आपलाच जीव टांगणीला लागतो.

ताट तिच्या डोळ्यांनी बघा

आपलं पानात वाढण्याचं शास्त्र सुंदर आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मधे भाताची मूद. या आजारात तेच ताट कोडं होऊन बसतं. आठ जिन्नस समोर असले की सुरुवात कुठून करायची ते ठरत नाही. कधी लोणच्याची अख्खी फोड तोंडात जाते, कधी मीठच. त्यामुळे एका वेळी एकच पदार्थ द्या, फार तर दोन. मीठ, लोणचं, मिरची ताटात वाढूच नका. घालायचं ते कालवून घाला.

स्टीलचं ताट चकाकतं, त्यात ट्यूबलाइट दिसते, आपला चेहरा दिसतो. पांढऱ्या बशीत पांढरा भात तर दिसतच नाही. डोळे ठीक असले तरी मेंदूला अन्न कुठे संपलं आणि बशी कुठे सुरू झाली ते कळेनासं होतं. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, पुढच्या टप्प्यातल्या अल्झायमरच्या (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) मोजक्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी लाल ताटल्या दिल्या, तेव्हा त्यांचं खाणं सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. अभ्यास लहान होता, पण करून बघायला खर्च एका ताटलीचा आहे. आम्ही निळी, नक्षी नसलेली, जरा खोलगट ताटली आणली. नक्षी नकोच, ही फुलं उचलायला बघायची. टेबलावरचं फुलाफुलांचं मेणकापड काढलं, टीव्ही बंद केला, दिवा मोठा लावला.

पहिला घास सुरू करून द्या

ओळखलं, पण हात पुढे होत नाही, असा टप्पा येतो. इथे आपलं हातानं जेवणं फार कामाला येतं. चमचा ही नंतर शिकलेली गोष्ट आहे. भात कालवून बोटांनी घास करणं त्याहून जुनं आणि खोलवर रुजलेलं असतं. म्हणून सांडतंय म्हणून चमचा हातात देण्याची घाई करू नका. सांडू द्या. खाली जुनी चादर अंथरा, मांडीवर पंचा टाका. लहान मुलाचं लाळेरं मात्र बांधू नका, त्यातलं काहीतरी त्यांना कळतं आणि लागतं.

समोर बसून स्वतः जेवा, ते बघून हात चालू होतो. नाही झाला तर त्यांचा हात आपल्या हातात घेऊन पहिला घास तोंडापर्यंत न्या आणि सोडून द्या. दुसरा-तिसरा पुष्कळदा आपोआप होतो. जेवणाआधी हात धुवायला नेणं, नेहमीचा पाट किंवा खुर्ची, फोडणीचा वास, घरात म्हणायची पद्धत असेल तर जेवणाआधीचा श्लोक, यांनी 'आता जेवायचंय' हे पोटात उतरतं. सूचना एक-एक द्या. "चला, जेवून घ्या पटकन, मग गोळी घ्यायचीय, मग कपडे बदलू" यातलं काहीच पोहोचत नाही. "हा घास घे" एवढं पोहोचतं.

जी माणसं बसतच नाहीत, सतत फेऱ्या मारतात, त्यांची शक्तीही जास्त खर्च होते. त्यांना चालता चालता हातात धरून खाता येईल असं द्या : इडलीचे उभे तुकडे, मऊ धिरड्याची गुंडाळी, मऊ ढोकळा, पिकलेलं केळं, तूप लावलेल्या मऊ पोळीची सुरळी. अर्थात गिळण्याची अडचण नसेल तरच.

थोडंच खाल्लं जात असेल तर तेवढ्यातच ताकद भरा. खिचडीवर तूप, खिरीत दुधाची पावडर, भाजीत बारीक दाण्याचं कूट, नाचणीच्या सत्वात दूध. आणि त्यांच्या लहानपणची चव शोधा. ही रत्नागिरीकडची. माझ्या हातची देशावरची आमटी ती बाजूला सारायची, पण मऊ भात, मेतकूट आणि तूप म्हटलं की डोळे उघडायचे. मी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पेज करायला शिकलो. ज्या पुरुषांनी कधी गॅस पेटवला नाही त्यांना मनापासून सांगतो, कुकरमध्ये तांदळाच्या चौपट-पाचपट पाणी, मूठभर मुगाची डाळ, हळद, मीठ, पाच-सहा शिट्ट्या, की मऊ खिचडी तयार. यावर पुष्कळ दिवस निघतात.

गिळणं : इथे घाई अजिबात नको

माझ्या मते हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. पुढच्या टप्प्यात घास गालात साठून राहतो, गिळायचं विसरतं, किंवा अन्नाचे कण, पाणी, लाळ श्वासनलिकेत जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. ओळखायच्या खुणा : जेवताना-पिताना खोकला, जेवल्यावर आवाज घोगरा किंवा ओला येणं, डोळ्यांत पाणी, गालात घास राहणं, एका घासाला मिनिट-मिनिट लागणं, वारंवार ताप किंवा छातीत कफ. काहींना खोकला न येताही अन्न आत जातं, म्हणून खोकला नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडून स्पीच थेरपिस्टची चिठ्ठी घ्या. नाव वाचेचं असलं तरी गिळणं तपासण्याचं काम तेच करतात. आवाज आणि घास एकाच गळ्यातून जातात.

बसवणं. ताठ, पाय जमिनीला टेकलेले, पाठीला उशी, हनुवटी किंचित खाली. पलंगावर अर्धवट आडवं करून भरवू नका. जेवल्यावर निदान अर्धा तास बसतं ठेवा. भरवणाऱ्यानंही समोर बसायचं, डोळ्यांच्या पातळीवर. आपण उभे राहिलो की ती मान वर करून बघते, आणि मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते. आपल्याकडची आणखी एक सवय इथे घात करते, ती म्हणजे तांब्या वर धरून तोंडात पाण्याची धार सोडणं. ती आज, आत्ता बंद. चोचीच्या कपानंही मान मागे जाते. रुंद तोंडाचा पेला, एक एक घोट.

घास लहान, अर्ध्या चमच्याएवढा. गिळलं का ते गळ्याकडे बघून ठरवा. तोंड रिकामं झाल्याशिवाय पुढचा नाही. झोपेत, गुंगीत असताना एक चमचाही नाही. तोंडात घास धरून ठेवला असेल तर रिकामा चमचा ओठांना लावा, कधी कधी तेवढ्यानं गिळलं जातं.

काय टाळायचं? चिवडा, चुरमुरे, दाणे, पापड, चिक्की, डाळिंबाचे दाणे, अख्खी द्राक्षं, कोरडे पोहे. चिकट असतं तेही : साबुदाण्याची खिचडी, उकडीचा मोदक. शेवग्याची शेंग, काट्यांचे मासे. फोडणीतला कढीपत्ता, मिरचीचा तुकडा, दालचिनी आपण नकळत बाजूला काढतो, ते यांच्याकडून होत नाही. वाढण्याआधी आपण काढायचं. पातळ रश्शातला भातही अवघड जातो, कारण पाणी आधी घशात उतरतं आणि दाणे मागे राहतात. त्यापेक्षा घट्ट वरण कालवून एकजीव केलेला भात, मऊ पिठलं, दुधी-भोपळ्याची घोटलेली भाजी, दाटसर नाचणीचं सत्व, आमरस, श्रीखंड. पाणी किंवा चहा दाट करून द्यावा की नाही, हे मात्र थेरपिस्टनं तपासून ठरवू द्या. दाट पाणी पुष्कळांना आवडत नाही, मग ते पिणंच कमी करतात आणि शरीर कोरडं पडतं.

गोळ्या कुटून खिरीत घालण्याआधी केमिस्टला नव्हे, डॉक्टरांना विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या कुटल्या तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

घास अडकला आणि जोरात खोकता येत असेल, तर खोकू द्या, पाणी पाजू नका. आवाज निघत नाही, खोकता येत नाही, ओठ निळे पडतायत, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या बुडानं पाच जोराचे फटके. नाही निघालं तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके. हे आलटून पालटून, आणि कुणाला तरी लगेच १०८ ला फोन करायला सांगा. दिसत नसलेला घास बोटानं शोधू नका, तो आणखी आत जातो. शुद्ध हरपली तर जमिनीवर आडवं करून छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी लागते. हे वाचून येत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गाला एक दिवस जाऊन हातानं शिकून घ्या.

"मला कुणी जेवायला दिलंच नाही"

जेवून अर्धा तास झालेला असतो आणि शेजारीण आली की तिच्यासमोर ही तक्रार. फार लागतं मनाला. पण तिच्यापुरतं ते खरं असतं, कारण जेवल्याची आठवणच मागे राहिलेली नसते. "आत्ताच तर जेवलीस" म्हटलं की ती खोटी ठरते आणि चिडते. "हो, कुकर लावलाय, तोवर हे घे" म्हणून केळ्याचे चार तुकडे द्या. दिवसाचं जेवण सहा भागांत वाटलं की हे निभावतं. शेजाऱ्यांना, आल्या-गेल्या नातेवाइकांना आजार काय आहे ते आधीच सांगून ठेवा.

संशयही येतो, "यात काहीतरी घातलंय" म्हणून. वाद नको. त्याच पातेल्यातून दोघांचं वाढा आणि आधी तुम्ही खा. काहींचा गोडावर फार जीव जडतो, विशेषतः मेंदूच्या पुढच्या भागाच्या डिमेन्शियात डबेच्या डबे संपतात. तिथे समजावणं नाही, डबा दृष्टीआड करणं एवढाच मार्ग.

उपवासाचं निराळं. "आज माझा गुरुवार आहे" असं ती आठवड्यातून चारदा म्हणायची. मी आधी कॅलेंडर दाखवायचो. नंतर "आज पारणं आहे" म्हणू लागलो. याला खोटं म्हणा, पण मला त्यात काही गैर वाटलं नाही. राजगिऱ्याची खीरही चालायची, ती उपवासाची आणि पोटाला धरणारी.

आणि देव्हारा बघा. कापूर पांढरा, खडीसाखरेसारखा दिसतो. पोटात गेला तर झटके येऊ शकतात. कापूर, डांबराच्या गोळ्या, फिनेल, साबण सगळं कुलपात.

तुमचं ताट

भरवायला चाळीस-पन्नास मिनिटं लागतात आणि आपलं जेवण थंड होतं, मग उभ्यानं उरकलं जातं. मी वर्षभर तसंच केलं आणि माझंच पित्त, माझीच साखर वाढली. दिवसातलं एक जेवण तरी तिच्याबरोबर बसून करा, आणि आठवड्यातली काही जेवणं दुसऱ्या कुणाला भरवू द्या. मुलगा, सून, मदतनीस बाई, कुणीही असो, त्यांना आधी दोन दिवस शेजारी बसवून दाखवा. घास केवढा, मान कशी, गालात बघायचं कसं. घाईनं भरवणारी माणसं चांगल्या मनाची असली तरी त्यांच्या हातून धोका होतो. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, मनाचा भार फारच झाला तर टेली-मानस १४४१६. १९९२ पासून काम करणारी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया आहे, तिच्या शाखांमधून आपल्यासारखे लोक भेटतात.

कधी तुम्ही ओरडाल. मीही ओरडलो आहे, एकदा वाटी आपटली आहे. अशा वेळी ताट उचला, गॅलरीत जा, वीस मिनिटांनी परत या. बहुतेक वेळा ती ते विसरलेली असते आणि तोंड उघडते.

शेवटच्या टप्प्यात

एक दिवस तोंड मिटूनच राहतं, मान वळते, चमचा ढकलला जातो. तोपर्यंत कुणीतरी नाकातून पोटात अन्न सोडायच्या नळीचा विषय काढलेलाच असतो. यावर घाईत, दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये निर्णय घेऊ नका, आधीच घरात आणि डॉक्टरांशी बोलून ठेवा. तात्पुरत्या, बऱ्या होणाऱ्या आजारात काही दिवस नळी लागणं वेगळं. पण पुढे गेलेल्या डिमेन्शियात नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असा पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेतली वृद्धरोगतज्ज्ञांची संघटनाही अशा रुग्णांना नळीऐवजी हातानं, जपून भरवण्याचाच सल्ला देते. नळी ओढून काढू नये म्हणून हात बांधावे लागतात, हे मी एका आप्ताच्या बाबतीत पाहिलं आहे. आम्ही मुलांसह बसून ठरवलं की नळी नको.

"उपाशी ठेवलंत" असं कुणी म्हणेल. त्यांना सांगा की शरीर शेवटाकडे वळलं की भूक आणि तहान मागे पडत जातात, आणि खाणं थांबलं हा त्याचा परिणाम आहे, कारण नव्हे. मग किती पोटात गेलं हे मोजायचं सोडून द्यायचं. वही मिटायची. जागी असेल, तोंड उघडेल तेव्हा दोन चमचे, आवडीचं. मान वळवली की थांबायचं. तोंड कोरडं पडू द्यायचं नाही. स्वच्छ, मऊ कापड किंवा गॉझ पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं आणि ओठ, हिरड्या, जीभ दर दोन-तीन तासांनी हलक्या हातानं पुसायची. थेंब घशात ओघळता कामा नये. मग ओठांना बोटभर तूप.